गाणाऱ्या दगडाचा देश

पराग्वेच्या घरात दिवा लागतो तो ५० हर्ट्झच्या विजेवर, आपल्यासारखाच. शेजारच्या ब्राझीलची वीज ६० हर्ट्झची. १९७०च्या दशकात पाराना नदीवर दोन्ही देशांनी मिळून इताइपू धरण बांधायला घेतलं, तेव्हा हा दहाचा फरक आडवा आला. ब्राझीलचं म्हणणं होतं, तुमची यंत्रणा ती केवढीशी, तुम्हीच साठवर या, खर्चाचं आम्ही बघू. पराग्वेने ते मान्य केलं नाही. शेवटी दहा जनित्रं पन्नासची आणि दहा साठची, असा तोडगा निघाला. प्रत्येक जनित्र ७०० मेगावॉटचं. एकूण १४,००० मेगावॉट, म्हणजे आपल्या कोयनेची सगळी वीजकेंद्रं एकत्र धरली तर तशा सात कोयना.

गंमत पुढे आहे. पन्नासच्या दहा जनित्रांची वीज पराग्वेच्या हिश्शाची. पण एवढी वीज वापरायला त्या चिमुकल्या देशात ना तेवढी माणसं, ना तेवढे कारखाने. म्हणून ती बहुतेक सगळी ब्राझीललाच जायची. आता साठच्या जाळ्यात पन्नासची वीज थेट जोडता येत नाही. मग सरहद्दीजवळच्या केंद्रात ती आधी एकदिश करायची, ६०० किलोव्होल्टच्या तारांवरून सुमारे आठशे किलोमीटर न्यायची आणि साओ पावलोजवळ तिला साठचं रूप द्यायचं. चंद्रपूरची वीज पडघ्याला याच पद्धतीने येते, त्यामुळे महाराष्ट्रातल्या वीज अभियंत्यांना यात नवल वाटणार नाही. मला मात्र या तारांचं फार अप्रूप वाटतं. एरवी विजेवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. इथे मात्र एका ठरावीक तारेकडे बोट दाखवून म्हणता येतं, की ही वीज पराग्वेची, आणि ती इथून बाहेर चालली आहे.

काय दराने चालली आहे, हा त्या देशाचा पन्नास वर्षांचा प्रश्न आहे. पराग्वेला समुद्र नाही, हे शाळेच्या भूगोलात शिकवतात आणि त्याच्या गरिबीचं कारण म्हणूनही तेच सांगतात. या देशाचा इतिहास आणि हिशेब वाचत गेल्यावर माझं मत वेगळं झालं. समुद्र नसण्याने पराग्वे अडला खरा, पण नागवला गेला तो दुसऱ्याच कारणाने. आपल्या नदीचा, जमिनीचा आणि पिकाचा भाव ठरवण्याची जागा दर वेळी त्याच्या हातून गेली.

देश आकाराने महाराष्ट्रापेक्षा बराच मोठा, चार लाख चौरस किलोमीटरहून थोडा अधिक. लोकसंख्या २०२२च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ६१ लाख. २०११ साली एकट्या पुणे जिल्ह्यात ९४ लाख माणसं होती, यावरून कल्पना यावी. त्या जनगणनेने पराग्वेकरांनाही चकित केलं. आपण ७० लाखांच्या वर आहोत असंच त्यांचे अंदाज सांगत होते. पराग्वे नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत देशाचे दोन तुकडे करते. पूर्वेला लाल माती, पाऊस, शेती आणि जवळजवळ सगळी माणसं. पश्चिमेला चाको, म्हणजे देशाचा साठ टक्के भाग, काटेरी झुडपांचा, उन्हाचा, पाण्याच्या टंचाईचा. पूर्वेच्या काठावर १५३७ साली वसलेली राजधानी असुन्सियोन.

स्पेनपासून १८११ साली सुटका झाल्यावर या देशाने जो रस्ता धरला तो शेजाऱ्यांपेक्षा निराळा होता. होसे गास्पार रोद्रिगेस दे फ्रान्सिया या विक्षिप्त आणि कठोर हुकूमशहाने १८१४ ते १८४० देशाची दारं जवळपास बंद ठेवली. मोठ्या जमीनदारांच्या आणि चर्चच्या जमिनी सरकारजमा केल्या आणि शेतकऱ्यांना खंडाने दिल्या. त्याच्या तुरुंगांत माणसं सडली, हे विसरता येत नाही. ऑगुस्तो रोआ बास्तोस या पराग्वेच्या थोर कादंबरीकाराने १९७४ साली त्याच्यावरच ‘यो एल सुप्रेमो’ लिहिली, तीही परागंदा असताना. फ्रान्सियानंतरच्या लोपेस घराण्याने लोखंडाची भट्टी उभारली आणि १८६१ साली रेल्वे सुरू केली. देशावर परकीय कर्ज नव्हतं. यावरून काही लेखक पराग्वेला त्या काळची औद्योगिक महासत्ता करून टाकतात, ते मला पटत नाही. भट्टी एक होती, रेल्वे थोडी होती. पण जमीन देशाची होती, एवढं निर्विवाद.

मग युद्ध आलं. १८६४ ते १८७० अशी सहा वर्षं पराग्वे एकटा ब्राझील, आर्जेन्टिना आणि उरुग्वे या तिघांशी लढला. मार्शल फ्रान्सिस्को सोलानो लोपेसच्या हट्टाने हे युद्ध ओढवलं की शेजाऱ्यांच्या लोभाने, यावर आजही भांडणं होतात. मला दोन्हींचा वाटा दिसतो. एखाद्याचं ‘पानिपत झालं’ असं आपण म्हणतो. पराग्वेचं पानिपत एका दिवसाचं नव्हतं, सहा वर्षं चाललं होतं. १६ ऑगस्ट १८६९ रोजी अकोस्ता न्यूच्या माळावर पराग्वेच्या बाजूने लढायला उभे राहिलेले बहुतेक जण कोवळी मुलं होती. पराग्वेत आज १६ ऑगस्ट हा बालदिन असतो. आपल्याकडच्या बालदिनाला फुगे आणि खाऊ असतो. त्यांच्या बालदिनाच्या मुळाशी ही मुलं आहेत. १ मार्च १८७० रोजी सेर्रो कोरा इथे लोपेस मारला गेला तेव्हा युद्ध संपलं. किती माणसं गेली याच्या आकड्यांवर इतिहासकारांचं एकमत नाही. निम्म्याहून अधिक लोक गेले असं अनेक जण मानतात. पुरुष तर इतके थोडे उरले की पुढची पिढी बायकांनीच वाढवली आणि शेतंही त्यांनीच कसली.

या बायका ग्वारानी बोलत होत्या. ही भाषा टिकली याचं मोठं श्रेय त्यांचं आहे असं मी मानतो. लॅटिन अमेरिकेत आदिवासींच्या भाषा आदिवासींपुरत्याच उरल्या. पराग्वेत मात्र स्वतःला आदिवासी न म्हणवणारे लाखो लोक घरात ग्वारानी बोलतात. बाजारात, शिवीगाळीत, प्रेमात, थट्टेत ग्वारानी. कचेरीत आणि कागदावर स्पॅनिश. आणि मधल्या सगळ्या व्यवहारात दोन्हींची मिसळ, जिला ते ‘जोपारा’ म्हणतात. बोलीभाषा घरची आणि कागदाची भाषा साहेबाची, हा अनुभव मराठी माणसाला नवा नाही.

एक योगायोग तर थेट आपल्या दारात येऊन थांबतो. जेझुइट पाद्री आन्तोनियो रुइस दे मोन्तोया याने पराग्वेच्या जंगलात वर्षानुवर्षं राहून केलेला ग्वारानीचा शब्दकोश १६३९ साली माद्रिदला छापला गेला. पुढच्याच वर्षी, १६४० साली, गोव्यात रायतूरला फादर थॉमस स्टीफन्सचं कोकणीचं व्याकरण छापून झालं. त्याचं मराठीतलं ‘ख्रिस्तपुराण’ त्याआधी, १६१६चं. एकाच संघाचे पाद्री जगाच्या दोन टोकांना, धर्मप्रसारासाठी का होईना, लोकांच्या तोंडची भाषा कागदावर उतरवत होते. पुढे १९३२ ते १९३५ च्या चाको युद्धात बोलिव्हियाला कळू नये म्हणून पराग्वेच्या सैन्याने निरोपांसाठी ग्वारानीच वापरली. तरी शाळेत ग्वारानी बोललेल्या मुलांना शिक्षा होण्याचे दिवस त्यानंतरही बराच काळ होते. १९९२च्या राज्यघटनेने ग्वारानीला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा केलं. चलनाचं नावही ग्वारानीच. १९४३च्या कायद्याने आलेलं हे चलन एकही शून्य न छाटता आजवर चाललं आहे. ज्या खंडात चलनं दर पिढीला बदलतात तिथे ही सामान्य गोष्ट नाही.

आषाढी एकादशीला घरोघरी साबुदाण्याची खिचडी होते. साबुदाणा ज्या कंदाच्या पिठापासून करतात, तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पराग्वेत त्याला ‘मांदिओ’ म्हणतात आणि तो उकडून रोजच्या जेवणात भाकरीच्या जागी असतो. त्याच कंदाच्या पिठात चीज, अंडी आणि बडीशेपेसारखी बी घालून ते ‘चिपा’ नावाचं कडं भाजतात. गुड फ्रायडेच्या उपवासाला चिपा हवाच, म्हणून त्या आठवड्याच्या मध्यावर घरोघरी मातीच्या घुमटासारख्या भट्ट्या पेटतात. एरवी वर्षभर डोक्यावर टोपली घेतलेल्या बायका चालत्या बसमध्ये चढून गरम चिपा विकतात. एकाच कंदाने दोन धर्मांच्या उपवासांची सोय केली आहे.

सकाळी असुन्सियोनच्या पदपथावर आणखी एक दृश्य हमखास असतं. लाकडी उखळात एक बाई पुदिन्यासारखी पानं, मुळ्या, साली कुटत बसलेली असते. गिऱ्हाईक पोट, डोकं, पित्त, जे काही दुखत असेल ते सांगतं. ती त्याप्रमाणे मुळ्या निवडते आणि त्याच्या थंड पाण्याच्या थर्मासात टाकते. ते पाणी येर्बा माते या झाडाच्या पानांच्या चुऱ्यावर ओतून धातूच्या नळीने ओढायचं, हे ‘तेरेरे’. एकच प्याला, एकच नळी आणि सगळ्यांचा क्रम ठरलेला. आभार मानले की तुम्हाला आता नको, असा त्याचा अर्थ. २०२० साली युनेस्कोने तेरेरेच्या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडे मधुमेहींसाठी विकला जाणारा स्टीव्हिया हाही पराग्वेच्याच जंगलातला. ग्वारानी लोक त्याला गोड पाला म्हणत.

आता जमिनीकडे येतो, कारण पराग्वेचं खरं दुखणं तिथे आहे. युद्ध हरलेल्या सरकारच्या तिजोरीत काही नव्हतं. १८८३ आणि १८८५च्या कायद्यांनी सरकारी जमीन विकायला काढली गेली. जो शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ती कसत होता त्याच्याजवळ विकत घ्यायला पैसा नव्हता. परदेशी कंपन्यांजवळ होता. चाकोत कार्लोस कासादोच्या एकट्या कंपनीने पन्नास लाख हेक्टरहून अधिक जमीन घेतली. येर्बाची जंगलं, केब्राचोची झाडं आणि चराऊ रानं अशीच गेली. फ्रान्सियाने सरकारजमा केलेली जमीन युद्धानंतर पंधरा-वीस वर्षांत लिलावाच्या भावाने संपली.

विसाव्या शतकात आल्फ्रेदो स्ट्रॉसनर १९५४ ते १९८९ अशी ३५ वर्षं सत्तेवर होता. जमीनसुधारणेच्या नावाखाली त्याने जमीन वाटली ती सेनाधिकाऱ्यांना, पक्षाच्या माणसांना आणि सग्यासोयऱ्यांना. पुढे नेमलेल्या सत्य आणि न्याय आयोगाने २००८ साली अहवाल दिला, की १९५४ ते २००३ या काळात सुमारे ७८ लाख हेक्टर जमिनीचं वाटप बेकायदा होतं. महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाएवढी ही जमीन. त्यातली परत मिळाली ती नगण्य. आज शेतजमिनीचा ८५ टक्के भाग दोन-तीन टक्के मालकांच्या हाती आहे. १५ जून २०१२ रोजी कुरुग्वातीजवळ अशाच एका वादातल्या जमिनीवर पोलीस आणि भूमिहीन समोरासमोर आले. ११ शेतकरी आणि ६ पोलीस मेले. त्यानंतर आठवड्याभरात, फेर्नान्दो लुगो या माजी बिशप असलेल्या राष्ट्राध्यक्षाला संसदेने पदावरून दूर केलं. २००८ ते २०१३ ही पाच वर्षं सोडली तर १९४७ पासून सत्ता कोलोरादो पक्षाचीच आहे.

या जमिनीवर आता सोयाबीन आहे. १९७०च्या दशकात ब्राझीलमधले शेतकरी सरहद्द ओलांडून आले, जंगल तोडलं आणि लाल मातीत सोयाबीन पेरलं. सुमारे ३५ लाख हेक्टर आणि बऱ्या वर्षी एक कोटी टनांच्या आसपास पीक. हेक्टरी तीन टनांच्या घरातलं उत्पन्न ऐकून मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सुस्कारा सोडावासा वाटेल. पण ते उत्पन्न मोठ्या यंत्रांचं आणि मोठ्या मालकांचं आहे, गावात हात कमी लागतात. फवाऱ्याच्या शेजारी राहणं अवघड झाल्याने असंख्य लहान शेतकरी जमीन सोडून असुन्सियोनच्या नदीकाठच्या झोपड्यांत आले आहेत.

पराग्वेचं बरंचसं सोयाबीन दाणा म्हणून, कच्चंच, तराफ्यांवरून पाराना नदीने खाली आर्जेन्टिनात रोसारिओच्या गिरण्यांकडे जातं. तेल तिथे निघतं, पेंड तिथे होते आणि नफाही तिथेच राहतो. आर्जेन्टिनाच्या सोयाबीन तेलाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक भारत. म्हणजे आपल्या कढईत जे तेल तापतं त्यात पराग्वेतल्या आल्तो पारानाच्या लाल मातीचा अंश असण्याचा चांगलाच संभव आहे. त्या तेलावरचं आयातशुल्क दिल्लीत खालीवर झालं की लातूरच्या बाजारात भाव हलतो. २०२४च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजारात चार हजार-बेचाळीसशेला सोयाबीन गेलं, हे मराठवाडा विसरलेला नाही. लातूरचा शेतकरी आणि कुरुग्वातीचा भूमिहीन एकमेकांचं नाव कधी ऐकणार नाहीत. दोघांच्या गावच्या पिकाचा भाव मात्र तिसरीकडेच ठरतो.

नदी हाच पराग्वेचा समुद्र. ब्राझीलमधल्या कासेरेसपासून उरुग्वेपर्यंत ३,४०० किलोमीटरचा जलमार्ग आहे आणि देशाच्या मालाची बहुतांश ने-आण त्यावरून होते. पाणी चांगलं असेल तर ठीक. सप्टेंबर २०२४ मध्ये असुन्सियोनपाशी नदी शंभराहून अधिक वर्षांतल्या नीचांकाला गेली आणि तराफे अर्ध्या भाराने चालवावे लागले. पाणी असलं तरी वाट दुसऱ्याच्या दारातून जाते. २०२३ साली आर्जेन्टिनाने तराफ्यांवर टोल बसवला. पराग्वेने उत्तर दिलं ते विजेने: आर्जेन्टिनाबरोबरच्या यासिरेता धरणातला आमच्या वाट्याचा सगळा हिस्सा आम्हीच उचलू, म्हणून कळवलं. नदीने वेठीला धरणाऱ्याला नदीनेच दिलेलं हे उत्तर मला आवडलं.

सध्या पराग्वेची आर्थिक कीर्ती चांगली आहे. आयकर, कंपनीकर आणि मूल्यवर्धित कर सगळे फार तर दहा टक्क्यांचे. ब्राझीलच्या मोटार कारखान्यांसाठी तारांचे जुडगे बांधणारे कारखाने सरहद्दीला उभे आहेत. २०२४ मध्ये मूडीजने गुंतवणूकयोग्य दर्जा दिला. राष्ट्राध्यक्ष सान्तियागो पेन्या जून २०२५ मध्ये भारतात आले तेव्हा गुंतवणुकीचं आमंत्रण घेऊन मुंबईलाही येऊन गेले. गरिबी वीस टक्क्यांच्या आसपास उतरली आहे, ही खरी कमाई आहे. पण दहापैकी सहाहून अधिक कामगारांना नोकरीचा कागद नाही, आणि इतका कमी कर घेणाऱ्या सरकारकडे शाळा-दवाखान्यांसाठी उरतं थोडं. आपल्याकडून कोणी तिथे पैसा गुंतवायला गेलं तर त्याने ही दुसरी बाजूही पाहावी.

आणि पुन्हा इताइपू. २६ एप्रिल १९७३ रोजी करारावर सह्या केल्या त्या दोन लष्करी राजवटींनी, ब्राझीलच्या मेदिसीच्या आणि पराग्वेच्या स्ट्रॉसनरच्या. ब्राझीलच्या तोंडून सांगायचं तर करार असा: अर्धी वीज तुमची, अर्धी आमची. पण तुम्हाला नको असेल ती फक्त आम्हालाच द्यायची, तिसऱ्या कुणाला विकायची नाही. बदल्यात किंमत नाही, ‘भरपाई’. बांधकामाच्या कंत्राटांवर स्ट्रॉसनरच्या मर्जीतली माणसं गब्बर झाली. त्यांना लोक ‘इताइपूचे सरदार’ म्हणू लागले आणि त्यांच्यातला एक, हुआन कार्लोस वास्मोसी, १९९३ साली राष्ट्राध्यक्षही झाला. २००९ साली लुगोने ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष लुला यांच्याकडून भरपाई वर्षाला १२ कोटी डॉलरवरून ३६ कोटींवर नेली. २०१९ साली ब्राझीलबरोबर गुपचूप झालेला विजेचा करार फुटला, तेव्हा पराग्वेच्या राष्ट्राध्यक्षाची खुर्ची जाता जाता राहिली. धरणाचं कर्ज व्याजासकट फिटलं ते फेब्रुवारी २०२३ मध्ये. दोन्ही देशांच्या वीजग्राहकांनी त्यासाठी साठ अब्ज डॉलरहून अधिक भरले. मे २०२४ मध्ये २०२६ पर्यंतचा दर ठरला: किलोवॉटमागे महिन्याला १९.२८ डॉलर. पुढच्या कराराची बोलणी चालू असतानाच, मार्च २०२५ मध्ये, ब्राझीलच्या हेरखात्याने पराग्वेच्या अधिकाऱ्यांवर पाळत ठेवल्याची बातमी आली आणि पराग्वेने बोलणी थांबवली. आणि आता दर मनासारखा मिळाला तरी विकायला वीज उरेल का, हाही प्रश्न आहे. देशाची स्वतःची गरज वाढते आहे, स्वस्त विजेवर बिटकॉइनची यंत्रं चालत आहेत, आणि या दशकाच्या अखेरीस शिल्लक संपेल, असं तिथलं वीज मंडळ सांगतं.

इताइपू म्हणजे ग्वारानीत गाणारा दगड. पाण्याच्या प्रवाहात नाद करणाऱ्या एका बेटाचं ते नाव होतं. ऑक्टोबर १९८२ मध्ये दरवाजे बंद झाले आणि चौदा दिवसांत जलाशय भरला. जगातल्या सर्वांत प्रचंड धबधब्यांपैकी एक, ग्वाइराचा, त्याखाली गेला. गावंही गेली. पराग्वेच्या काठावर आवा ग्वारानींच्या तीसहून अधिक वस्त्या होत्या. राहण्याच्या जागेला हे लोक ‘तेकोहा’ म्हणतात. ‘तेको’ म्हणजे जगण्याची रीत आणि ‘हा’ म्हणजे ठिकाण, जिथे आपली रीत जगता येते ते. साऊसे या तेकोहाची माणसं २०१५ साली आपल्या जुन्या भूमीवर परतली. पुढच्या वर्षी न्यायालयाच्या आदेशाने त्यांना हुसकावून लावलं गेलं. ती आता धरणाच्या राखीव जंगलाच्या कडेला राहतात. ब्राझीलच्या बाजूच्या आवा ग्वारानींसाठी २०२५ मध्ये ३,००० हेक्टर जमीन विकत घेऊन द्यायचं ठरलं. साऊसेची मागणी मात्र उभीच आहे.

कोयनेचं पाणी अडून साठ वर्षं झाली आणि तिथल्या धरणग्रस्तांचे मोर्चे आपण आजही पाहतो. म्हणून एक विनंती. जगातल्या मोठ्या धरणांची यादी कुठे वाचनात आली आणि इताइपूपुढे १४,००० हा आकडा दिसला, तर त्याच्या शेजारी साऊसे हे नावही लिहून ठेवा.